कावळ्याची बाजू लिहिताना

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी काहीतरी करायचं असं आमच्या हौशी नाटकवाल्या मंडळींनी ठरवलं, तेव्हा अण्णांनी अट घातली ती एकच. गोष्ट मुलांना तोंडपाठ असलेली हवी आणि ती सांगणारा त्या गोष्टीतला वाईट माणूस हवा. एकपात्री, वीस मिनिटांच्या आत, आणि सामान एका रिक्षात मावेल एवढंच. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं आणि पाठकोऱ्या बिलांवर काहीबाही खरडायची माझी खोड सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्यांदा डोळ्यांपुढं आली ती हिमगौरीची सावत्र आई. आरसा, विषारी सफरचंद, सात बुटके हे सगळं पोरांना टीव्हीमुळं पाठ. शिवाय या बाईच्या बाजूनं बोलायला पुरावाही आयता होता. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ही गोष्ट पहिल्यांदा छापली तेव्हा तिच्यात सावत्र आई नव्हतीच. पोरीच्या जिवावर उठलेली होती ती सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत जन्मदात्रीला सुरुवातीलाच मारून टाकलं आणि सगळं पाप दुसरीच्या पदरात घातलं. म्हटलं, राणीनं येऊन हेच सांगावं: मला या गोष्टीत मागाहून आणलंय, आधी हे उद्योग दुसरीच करत होती.

सुरुवात झकास झाली. पुढं मात्र राणी नुसती गाऱ्हाणी सांगत सुटली. नवरा लक्ष देत नव्हता, आरसा खोचक बोलायचा, वय वाढत होतं. बरं, गोष्टीत आरसा जेव्हा म्हणतो की हिमगौरी तुझ्याहून सुंदर आहे, तेव्हा ती पोर असते सात वर्षांची. सात वर्षांच्या पोरीवर जळणाऱ्या बाईची वकिली करायची म्हणजे जीभ अडखळायचीच. त्यात माझी राणी ‘हे दर्पणा, सत्य काय ते कथन कर’ असलं बोलायला लागली. अण्णांनी दोन पानं ऐकली आणि चष्मा काढून ठेवला.

“ही बाई कोर्टात उभी आहे,” ते म्हणाले. “नाटकात कधी येणार?”

राणीचे कागद बाजूला ठेवले. पण तिच्या शेवटानं पिच्छा सोडला नाही. ग्रिमांच्या गोष्टीत हिमगौरीच्या लग्नात या राणीसाठी लोखंडी जोडे निखाऱ्यावर लाल होईपर्यंत तापवतात, तिला ते घालायला लावतात आणि मरून पडेपर्यंत नाचायला लावतात. तापलेलं लोखंड आणि त्यावर उभा केलेला गुन्हेगार. हे मी आधी कुठंतरी ऐकलंय असं वाटत राहिलं, आणि मग लक्षात आलं की आजीकडूनच ऐकलंय. “थंडी वाजतीय ना काऊ? मग जा, बस त्या चुलीवरच्या तव्यावर.” काऊचं बूड भाजतं आणि आम्ही नातवंडं टाळ्या पिटतो. जर्मनीच्या जंगलात जायची गरजच नव्हती.

कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट येत नाही असं सहसा होत नाही, म्हणून ती इथं पुन्हा सांगत नाही. मी मात्र काउंटरवर येईल त्याला ती सांगायला लावली. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या आज्या, रक्तदाबाच्या गोळ्या नेणारे पेन्शनर, डायपरचं पुडकं घेऊन घाईत निघालेल्या आया. एकानंही नाही म्हटलं नाही. उलट मागची माणसं मध्ये पडायची, “असं नव्हतं हो ते, आमच्याकडं वेगळं होतं.”

वेगळं असायचं ते सगळं शेवटाला. कुणाच्या घरी तवा, कुणाच्या घरी चुलीतला निखारा. तासगावकडच्या एका आजींच्या गोष्टीत कावळा आत येऊन कोपऱ्यात बसतो, रात्री अंधारात ‘कुटुम कुटुम’ आवाज येतो, चिमणी विचारते काय खातोस रे, तो म्हणतो फुटाणे खातोय, आणि सकाळी बघते तर पिल्लं नाहीत. आजींनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी गोळ्यांची पट्टी कापायची राहिले. एका तरुण आईनं तवा काढून टाकला होता. “मुलगी दचकून उठते हो. आमच्याकडं चिमणी त्याला टॉवेल देते.” एका पेन्शनरांच्या घरी गोष्टीला शेवटच नव्हता; बाळ झोपेपर्यंत चिमणीची कामं वाढवत न्यायची.

गोष्टीचा शेवटाआधीचा भाग मात्र सगळ्यांचा सारखा. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब माझ्या बाळाला पावडर लावू दे. थांब माझ्या बाळाला तीट लावू दे. सत्तरीतली बाई असो नाहीतर पंचविशीतली, हे म्हणताना दोघींचा सूर एकच लागायचा, मान एकाच बाजूला कलायची. म्हणजे गोष्टीचा जीव दाराशी आहे, आत काय झालं ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवलंय. तिथंच मी ठरवलं की आपला कावळा आत जाणारच नाही. पूर्ण वेळ दाराबाहेर. चिमणी दिसणार नाही, तिचा आवाजही येणार नाही. ती काय म्हणाली ते कावळ्याच्या उत्तरातून कळेल. नाट्यछटेची ही जुनी रीत आपल्याकडं आहेच, आणि एकपात्रीला ती सोयीची.

दुकानासमोर गुलमोहर आहे. त्यावर मे महिन्यात कावळ्यांचं घरटं चाललं होतं ते मी रोज बघत होते. शेणाचा कणही नाही. वाळक्या काड्या, आणि शेजारच्या बांधकामावरून उचललेले तारेचे तुकडे. तार वाकवून काड्यांत अडकवायची त्याची पद्धत बघण्यासारखी असते. चोचीनं दाबतो, मान मागं घेऊन बघतो, नाही पटलं तर उपसून पुन्हा घालतो. पावसाच्या तोंडावर त्यांची अंडी-पिल्लं असतात, आणि त्यातली एखाददुसरी कोकिळेची. म्हणजे धो धो पावसात हा कावळाही लेकुरवाळा असतो. गोष्टीत त्याला पोरंबाळं कुणी दिली नाहीत. मलाही मोह झाला होता, द्यावीत का? भिजलेला बाप आणि चोचीखाली कुडकुडणारी पिल्लं. सगळा हॉल रडला असता. म्हणूनच दिली नाहीत. पिल्लं दिली की प्रश्नच मिटतो, दार न उघडणारी चिमणी डायन होते, आणि एक वाईट पात्र जाऊन त्याजागी दुसरं येतं. एवढ्यासाठी गोष्ट उलटी करायची कशाला?

चिमणीचं घर मात्र नीट बघून घेतलं. ती राहते आपल्याच भिंतीच्या भोकात, मीटरच्या पेटीमागं, फोटोच्या फ्रेमच्या पाठीशी. गवत, पिसं, कापूस. तिचं घर म्हणजे आपल्या घराचाच एक कोपरा. कावळा कायम बाहेर. खिडकीच्या गजापर्यंत त्याची मजल. आता ही गोष्ट सांगतं कोण? आई. मांडीवर बाळ, बाळाला नुकतीच अंघोळ घातलेली, गालाला तीट. म्हणजे दाराच्या आतून सांगितलेली गोष्ट आहे ही. बाहेरून ती कशी ऐकू येत असेल, एवढंच मला लिहायचं होतं.

कावळा करायला एकच माणूस डोळ्यांसमोर होता. आमच्या मंडळातले दादा एसटीत कंडक्टर आहेत. आवाज खणखणीत, उंची बेताची, आणि मान तिरकी करून बघायची लकब उपजत. त्यांना पहिला खर्डा वाचून दाखवला. त्यात कावळा पहिल्याच ओळीला गयावया करत होता. दादांनी मान हलवली.

“ताई, असं कोण करत न्हाई. मी रोज बघतोय की. गाडी भरलेली असती, भाईर पाऊस, दार लावलेलं. भाईरचा माणूस पैल्यांदा हक्कानं बोलतो. ‘ओ, उघडा की दार, जागा हाय आत.’ न्हाई उघडलं की चेष्टा करतो. मग चिडतो, दारावर थापा मारतो. विनवणी सगळ्यात शेवटाला. ती बी गाडी हलायला लागली की मगच.”

मी बिलाच्या पाठीवर चार शब्द लिहून घेतले: हक्क, चेष्टा, राग, विनवणी. गोष्टीतही कावळा पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणतो. पण तेच वाक्य चार मनःस्थितींत म्हणायचं म्हटल्यावर आतलं सगळं बांधकाम आपोआप उभं राहिलं. सुरुवात आता अशी आहे:

(कडी वाजवतो.) चिऊताई! ए चिऊताई! दार उघड की. मी हाय, काऊ. शेजारचा… काय म्हनलीस? बाळाला न्हाऊ घालालीस? घाल की सावकाश. मी काय परका हाय व्हय? थांबतो. (वर बघतो.) शिपकाच हाय जरा.

(पुन्हा कडी.) झालं का न्हाणं?… आता पावडर? बरं बरं, लाव की. लगीन-बिगीन ठरलं काय बाळाचं?… आगं हसालोय म्हनून थंडी वाजत न्हाई असं न्हाई.

कावळा आपल्या सांगलीचं बोलणार हे ठरलेलंच होतं. चिमणीचं बोलणं तो पुन्हा म्हणून दाखवतो तेवढं मात्र पुस्तकी, जरा नाकातून: “‘थांब हं, बाळाला काजळ घालतेय.’ घाला, घाला.” दादा हे असं काही म्हणतात की न दिसणाऱ्या चिमणीचं घर, पडदे, कुंड्या सगळं दिसायला लागतं.

तिसऱ्या हाकेला लिहिता लिहिता माझा हात थांबला. तीट. लहानपणापासून ऐकलेलं, स्वतःच्या पोरीला सांगितलेलं वाक्य. तीट लावतात नजर लागू नये म्हणून. आणि त्या वेळी दाराबाहेर दुसरं आहेच कोण? चिमणी बाळाच्या गालाला काळं लावतेय ते या कावळ्यासाठीच, आणि ते त्यालाच ओरडून सांगतेय.

(कडी जोरात.) आता काय?… तीट? (थांबतो.) तीट कशाला गं? नजर लागू नये म्हनून? कुनाची? भाईर तर मी एकटाच हाय की.

इथं आम्ही बराच वेळ काहीच बोलत नाही. तालमीत अण्णांनी दादांना एवढंच सांगितलं होतं, की रडू नका, पंख झटका. दादा शर्टाच्या बाह्या झटकतात, एकदा, मग दुसरी. मग राग येतो. “दहाव्याला घाटावर हात जोडताय की मला! शिव बाबा, शिव म्हनताय! पान सोडून बसताय उपाशी. तवा कुनाची नजर लागत न्हाई व्हय?” हे मुलांना कळणार नाही अशी मला धास्ती होती. अण्णा म्हणाले, राहू दे, मुलांना आणायला आईबाप येणारच आहेत.

एवढं झाल्यावर मला वाटलं, झालं काम. वाचन झालं, सगळे हळहळले, आणि अण्णा गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाले, “कावळा संत झाला.” त्यांचं म्हणणं असं की आपल्या गावाला दुष्ट पात्रांची परंपरा आहे, तिची लाज राखा. १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत, तलवारी फिरवत घुसायची. लोकांनी त्या नाटकांना पुढं ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं ते त्याच आरोळ्यांवरून. पुढं याच गावच्या खाडिलकरांचा कीचक आला १९०७मध्ये. त्याच्यात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१०मध्ये सरकारनं ‘कीचकवध’वर बंदी घातली. “तो कीचक बघ,” अण्णा म्हणाले. “आपण वाईट आहोत असं त्याला क्षणभरही वाटत नाही. आपण मालक आहोत असं वाटतं. तो कुणाकडं दया मागत नाही. तुझा कावळा दया मागतो. तुझा कावळा निर्दोष आहे. निर्दोष माणूस दारात उभा असला तर नाटक कसलं? ती तर पंचनाम्याची नोंद झाली.”

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण तासगावच्या आजींचं ‘कुटुम कुटुम’ काही डोक्यातून गेलं नव्हतं. कावळा चिमण्यांची अंडी खातो, पिल्लं उचलतो. गुलमोहरावर घर बांधणारा तो शहाणा पक्षी समोरच्या वळचणीला दिवसभर उगाच नजर लावून बसत नाही. चिमणीनं दार लावलं त्याला कारण आहे, आणि ते कारण माझ्या खर्ड्यातून मी सफाईनं पुसून टाकलं होतं. ते परत आणायचं, पण कावळ्यानं कबुली दिली तर पुन्हा कोर्ट. तो खोटं बोलला पाहिजे आणि त्याचं खोटं समोरच्या पोरांनी पकडलं पाहिजे. त्याच्या लक्षात न येता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये हा तुकडा घातला:

काऊ अंडी खातो म्हनं! कोन म्हनतंय? मी चिमनीचं अंडं बघितलंसुदिक न्हाई कधी. एवढं, एवढं असतंय. पांढुरकं. वर तपकिरी ठिपकं. फोडलं तर आत काय, चमचाभर. चोचबी ओली हुईत न्हाई.

संपूर्ण संहितेत मला सगळ्यात आवडणारी जागा हीच. ती आल्यावर खालचं सगळं बदललं, एक अक्षर न बदलता. आता तीट येते तेव्हा बघणाऱ्याला ठाऊक असतं की चिमणी बरोबर आहे; आणि तरी “भाईर तर मी एकटाच हाय की” हे ऐकून पोटात कालवतंच. दोन्ही एकाच वेळी. वाईट पात्राच्या तोंडून गोष्ट सांगायची तर त्याचा गुन्हा त्याच्याकडंच ठेवायचा, नाहीतर त्याची थंडीसुद्धा खोटी वाटायला लागते, हे माझं आता ठाम मत झालंय. हल्ली जिथं तिथं दुष्टांची बाजू मांडतात, आणि शेवटी तो बिचारा लहानपणी दुखावलेला निघतो. मला त्याचा कंटाळा आहे. दुखावलेला असेल; अंडं खाल्लं का नाही ते सांगा.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी सांगलीवाडीच्या. एका दुपारी दादा घरी येऊन म्हणून दाखवत होते, तेव्हा मावशी भांडी तशीच ठेवून दाराशी टेकून उभ्या राहिल्या. पहिल्या हाकेला खुदकन हसल्या. नंतर हसल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, “ह्यो कावळा पुरातला हाय जनू.”

मी पूर मनात धरून लिहिलं नव्हतं. निदान तसं ठरवून नाही. पण सांगलीत बसून पावसात घर वाहून जाण्याची गोष्ट लिहायची आणि कृष्णा त्यात येणार नाही, हे व्हायचं कसं? इथं पावसाळ्यात पाऊस किती पडला असं कुणी विचारत नाही. आयर्विनला किती फूट झालं, कोयनेतून किती सोडलं, हे विचारतात. आयर्विन पुलाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभाग, सांगलीवाडी, हरिपूर, मारुती चौक, सगळं पाण्यात. मातीच्या भिंतींची घरं बसली ती बसलीच. स्लॅबची उभी राहिली, चिखलानं भरून का होईना. शेणाचं घर आणि मेणाचं घर यात फरक काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मावशी सांगत होत्या, आम्ही पण दार वाजवलं होतं. नणंदेच्या गावाला गेलो. उघडलं की लोकांनी, का नाही उघडणार? “पैल्या दिवशी च्या, पोहे, अंथरूण सगळं. तिसऱ्या-चवथ्या दिवशी बाळाला झोप लागलीया म्हनत्यात. मग आमी टीव्ही बारीक करायचो. मग आमची पोरं भाईर पायरीवर बसवायचो.” जरा थांबून त्या स्वतःच म्हणाल्या, “आनि नणंदेचं तरी काय, दोन खोल्या. तिच्याबी सासूला गुडघ्याचं दुखणं. मी तिच्या जागी असते तर मीबी तेच केलं असतं.” आणि भांडी घासायला गेल्या.

त्या बोलल्या ते संहितेत घालायचा विचार मनात येऊन गेला, पण ते त्यांचं आहे. मी एकच ओळ घेतली, तीही सगळ्या गावाच्या तोंडची. चिडून झाल्यावर कावळा मान खाली घालून, अगदी सहज, बंद दाराला विचारतो: “आयर्विनला किती फूट झालं, काय बातमी?” मग विनवणीची हाक.

सामान रिक्षात मावायचं तर दार कुठून आणायचं, हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत होता. खरं दार मावत नाही, कापडाचं दार वाजत नाही. जुन्या वाड्याच्या पाडकामातून एक फळी मिळाली, तिच्यावर पितळी कडी तशीच होती. ती फळी स्टुलाला बांधली. दार म्हणून एवढंच. कडीचा आवाज असा येतो की बाकीचं दार लोक स्वतः लावतात. दादांना काळे कपडेही घालू दिले नाहीत. साधा पांढरा शर्ट, खांदे पाणी मारून ओले केलेले.

प्रयोग एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झाला. मुलं सतरंजीवर, आईबाप मागं खुर्च्यांवर. पहिल्या हाकेपासूनच मुलं चिमणीची वाक्यं म्हणायला लागली, सुरात, सगळी मिळून. हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. चिमणी गप्प ठेवली होती आणि पन्नासेक चिमण्या समोर बसल्या होत्या! दादा एक क्षण गडबडले, मग त्यांच्याकडंच तोंड करून बोलायला लागले, आणि ते आता तसंच ठेवलंय. अंड्याच्या जागेला एक मुलगा उठून उभाच राहिला, “खाल्लंय यानं! खाल्लंय!” पुढच्या रांगेतली एक पोर ओरडली, “चिऊ, उघडू नको गं दार!” दुसरीकडून कुणीतरी म्हटलं, “अगं भिजलाय तो.” मग हॉलमध्ये भांडणच लागलं. दादा शांतपणे वळले, “तुमी गप्प बसा. आमचं घरगुती हाय हे.” मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. तिटेला मात्र मुलं एकदम थांबली, आणि फुटांच्या ओळीला मागून एका बापईगड्याचा घसा खाकरल्याचा आवाज आला, तेवढाच.

शेवटावरून मात्र आमच्यात अजून एकमत नाही. अण्णांचं म्हणणं, कडी आतून निघाल्याचा आवाज आला की दिवे बंद. दादांना तवा हवा. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, अर्ध्यावर तोडली तर पोरांची फसवणूक, असं ते म्हणतात. मी मधलं काढलं. कडी निघते, कावळा एक पाय आत टाकतो, हवेचा वास घेतो आणि खूश होऊन म्हणतो, “चूल पेटलीया जनू. लै ऊब हाय गं. कुटं बसू?” दिवे बंद. ज्याला तवा माहीत आहे त्याला तो दिसतो. टॉवेलवाल्या घरातल्या मुलांना टॉवेल दिसत असेल. दादांनी हे मान्य केलंय, पण नाखुशीनं, आणि अण्णा म्हणतात की “कुटं बसू” हे दोन शब्द जास्तीचे आहेत.

पुढचा प्रयोग मिरजेला ठरतोय. दादांना त्या दिवशी लांबची ड्युटी लागली तर तारीख हलेल. तिकडच्या एका आईनं आधीच फोन करून मला विचारलं, शेवटी तवा आहे का हो?

“तवा नाही,” मी म्हटलं. “नुसती चूल आहे.”

“मग आणते पोराला,” त्या म्हणाल्या, आणि तिकीट किती, कुठं बसायचं, लवकर यावं लागेल का, ते विचारत बसल्या.